सुनेचा भूतकाळ

मुक्काम अमास्या,
चेरीचे दिवस

आदरणीय सबाहत आब्ला,

तुझा हात आधी ओठांना, मग कपाळाला लावते. गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? आम्ही सारे खुशाल. मी तर हवेतच आहे, कारण आपल्या तुर्गायच्या डॅनिश बायकोला, मेटेला, अखेर तुर्की व्याकरण आलं. शिकवलं मी. (शिकवणीच्या बाईंनी केव्हाच हात टेकले होते.)

आपल्या भाषेत सगळा खेळ क्रियापदाच्या शेपटाचा. स्वतः पाहिलं तर ‘गेतिर्दी’, आणली. नुसतं कानावर आलं तर ‘गेतिर्मिश’, आणली म्हणे. मेटेला दोन्ही सारखीच. मागे चहाला बायका जमल्या होत्या, तर हिने शेजारच्या हाजेरला गोड हसून सांगितलं, “केमालकाकांनी तोकातहून दुसरी बायको आणली.” आणली! म्हणजे हिने पाहिली! हाजेरने पेला आपटला. “कुठे पाहिलीस गं?” मेटेला प्रश्न कळला नाही, म्हणून ती अदबीने “हो, हो” म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याची, केमालची, गादी अंगणात. (तो बिचारा तोकातला दात बसवायला जात होता.)

मग मी बाह्या सरसावल्या. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळता गुंडाळता शिकवणी सुरू. “मांजर दूध प्यायलं.” “पाहिलंस?” “नाही.” “मग नीट बोल!” “प्यायलं म्हणे!” तुर्गाय जेवायला घरी यायचा बंद झाला, पण मी हटले नाही.

आणि काल हाजेरकडे, भरल्या बैठकीत, मेटे उठून उभी राहिली. “हाजेरमावशी, माझं चुकलं. काकांनी बायको आणली म्हणे. मी पाहिली नाही, ऐकलं. सासूबाई बोलल्या. बोलल्या म्हणे नाही, बोलल्याच. मी समोर होते.”

आब्ला, एक शेपूट चुकलं नाही! सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या, हाजेर तर खुर्चीवरून उठलीच, पण माझे डोळे भरून आले. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या, आणि चांगल्या जोरात वाजवल्या.

तुझी धाकटी बहीण,
मुरुव्वेत

ता. क. थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते. जरा हवापालट.

आणखी एक ता. क. ही बातमी मला कुणी दिली, असं हाजेरने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तीही तुला भेटायला निघाली आहे. शनिवारी एकाच बसने येतोय. खिडकी तिला दिली आहे.