हाकेला ओ

१२ जून १९९८, नालासोपारा

आलो बाई एकदाचे! सामान लागलं, गॅस लागला, नळाला पाणी कधी येतं तेही कळलं (सकाळी, आणि त्याच्या मनात असेल तरच). दोन खोल्यांचं का असेना, स्वतःचं घर. खिडकीतून केळीच्या बागा दिसतात. सुधाकर म्हणाला, तुझ्या कऱ्हाडलासुद्धा इतकं हिरवं नाही. मी म्हटलं, माहेरावर जायचं काम नाही.

लग्नाआधी मी रोजनिशी लिहायचे. मग सुटली, कारण लिहिण्यासारखं काही घडेचना. अकरा वर्षं सगळे एकच विचारत आले आणि मी एकच उत्तर देत आले. सासूबाई घर बघायला आल्या, आतली रिकामी खोली पाहिली आणि नुसतं ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं. असो. इथे मला कुणी ओळखत नाही. आणि मुख्य म्हणजे मला नोकरी लागली आहे. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट इतकी वर्षं ट्रंकेत घोरत होतं, त्याला जाग आली.

२० जून

नोकरीचं नाव भारदस्त आहे, कलेक्शन सुपरवायझर. काम काय, तर म्हाताऱ्या बायकांची लघवी गोळा करायची. सुधाकर जेवताना ठसका लागेपर्यंत हसला, मग मीही हसले.

सकाळी आत्मारामच्या टेम्पोतून गास गावात जायचं, घरोघरच्या न्हाणीतले भरलेले कॅन उचलायचे आणि धुतलेले रिकामे ठेवायचे. पाळी गेलेल्या बायकाच चालतात. माल जातो सातिवलीच्या गाळ्यात. तिथे तो पिंपात ओततात, एक पांढरी माती घालतात, औषध त्या मातीला चिकटतं. वासाचं विचारूच नका. आत्माराम तर नाकाला रुमाल बांधूनच जन्माला आला असावा.

आमचे डॉ. पाठारे समजावून फार छान सांगतात. म्हणाले, मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती दर महिन्याला अंडाशयाला हाक मारते, आणि तरुणपणी तिकडून ओ येते. पाळी गेली की ओ येत नाही. पण ग्रंथी गप्प बसत नाही, ती आणखी मोठ्यांदा हाक मारते, वर्षानुवर्षं. ती हाक लघवीतून वाहून जाते. आपण तीच धरून ठेवतो आणि जिला मूल होत नाही तिला टोचतो.

घरी आले तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. बिचाऱ्या! सगळं आवरून शांत बसलेल्या दिसतात आणि आत हे चालू असतं.

५ जुलै

डॉक्टरांनी गासमधल्या एकाच वाडीतल्या पाच जणी वेगळ्या काढल्या आहेत. त्यांच्या कॅनमध्ये औषधाचा जोर सगळ्यांत जास्त, म्हणून त्यांचा माल वेगळ्या पिंपात, नव्या पद्धतीने करून बघायचा. व्हेरोनिकामावशी, तिच्या दोन जावा, शेजारच्या लुईझामावशी आणि फ्लॉसीमावशी. पाचही जणी ख्रिस्ती, लाल लुगड्यातल्या आणि बोलायला एकीपेक्षा एक खमंग. चहाशिवाय सोडत नाहीत. माझं किडकिडीत अंग बघून म्हणतात, कऱ्हाडला तुला उपाशी ठेवत होते काय. त्यांची बोली मला निम्मी कळते, निम्मी मी मान हलवून भागवते.

आज व्हेरोनिकामावशीने विचारलं, हे नेऊन तुम्ही करता काय? मी खरं ते सांगितलं. ती केळीच्या खोडाची सोपटं सोलत राहिली. मग वाडीच्या कडेला तळं आहे, बावखल म्हणतात त्याला, तिकडे बोट केलं. तिचा पहिला मुलगा तिथे काठावर आहे. घरीच झाला आणि बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला. म्हणून त्या काळी चर्चच्या सिमेटरीत पुरायला जागा मिळाली नाही आणि नावही मिळालं नाही. बाकी चौघींचंही एकेक तिथेच आहे. तिच्या मनात सॅन्टन हे नाव ठेवायचं होतं. पण जे नाव दिलंच नाही त्या नावाने हाक कशी मारायची, म्हणून तिने तोंडाने कधी मारली नाही.

मग मला म्हणाली, “बाय, आमच्या पान्यातनं जे पोर येल, ते कोनाचं?”

मी हसून म्हटलं, जिच्या पोटी येईल तिचं. ती हसली नाही.

२ ऑगस्ट

डॉक्टरांनी आज मला समोर बसवून विचारलं. पाच जणींचं औषध तयार आहे. उंदरांवर झालं, सशांवर झालं, माणसावर अजून नाही. पहिली तू होशील का? कागदबिगद काही करायला नको म्हणाले, घरचीच तू.

सुधाकर भडकला. तुझ्यावर प्रयोग करतात म्हणजे काय, म्हणाला. मी म्हटलं, अकरा वर्षं माझ्यावर दुसरं काय चाललंय? गंडे झाले, काढे झाले, तुझ्या आईने दुधातून पाजलेली ती राख झाली. हे लोक निदान सुई उकळून तरी घेतात. तो रडायला लागला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं.

मला मूल हवंय. बाहेर सगळ्यांसमोर मी थट्टा करते, पण इथे तरी लिहून टाकते. हवंय, हवंय, हवंय.

२५ ऑगस्ट

इंजेक्शनं संपली. मध्ये हाल झाले. पोट ढोलकीसारखं फुगलं, श्वास पुरेना आणि लघवी आटली. माझी, लघवीवाल्या बाईची! डोस जरा जास्त झाला म्हणाले. दोन दिवस सलाईन लावल्यावर उतरलं.

एक गंमत लिहायची राहिली. त्या दिवसांत सारखं वाटायचं की लांबून कुणीतरी बोलावतंय. नाव ऐकू यायचं नाही, नुसती हाक. स्वयंपाक करता करता मी दोनदा ‘ओ’ दिली. सुधाकर म्हणाला, मी कुठे काय बोललो? अशक्तपणा, दुसरं काय.

७ सप्टेंबर

राहिलं! आज चाचणी झाली, राहिलंय! देवापुढे साखर ठेवली, सुधाकरने पेढे आणले आणि स्वतःच निम्मे संपवले. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना ‘हं’सुद्धा म्हणता येईना, हुंदकाच आला. मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

पण डॉक्टरांच्या आधी व्हेरोनिकामावशीला कळलं. तीन दिवसांपूर्वी कॅन उचलायला वाकले तर तिने ओला हात माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, “आला.” एवढंच. डोळे भरून आले होते तिचे.

१९ सप्टेंबर

डॉक्टर संतापले आहेत. त्या पाच जणींच्या कॅनमधून काहीच उतरत नाही. परत तपासलं, तरी नाही. बायका पाणी मिसळतात, जाऊन दम दे, म्हणाले.

मी गेले. दम कसला देणार, त्या तर आनंदात होत्या. फ्लॉसीमावशीने पोह्याचे लाडू केले होते. लुईझामावशी म्हणाली, कितीतरी वर्षांनी छातीवरचं ओझं उतरलं, झोप लागते. व्हेरोनिकामावशीला मी पाण्याचं विचारलं. ती माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघत राहिली. आता हाक कशाला मारू, म्हणाली.

मी तिला डॉक्टरांचं हाकेचं काही सांगितलं नव्हतं. आठवून बघते आहे. नव्हतंच सांगितलं.

३० सप्टेंबर

सोनोग्राफी झाली. डॉक्टर आधी मोजत राहिले, मग परत मोजलं.

पाच आहेत.

पाच ठिपके, पाचही धडधडणारे. सुधाकर वेड्यासारखा हसायला लागला. पाच का? असं होतं म्हणाले डॉक्टर, औषध जोरदार असलं की होतं. मी विचारलं, पाचच का? त्यांना प्रश्न कळला नाही.

९ ऑक्टोबर

व्हेरोनिकामावशीच्या दारात गेलं की उजव्या कुशीत ओढ बसते. लुईझामावशीकडे डावीकडे. फ्लॉसीमावशीकडे खाली, मध्ये. जावांच्या घरांपाशी बेंबीच्या वर, दोन्हीकडे. आई ज्या बाजूला असते तिकडे पोर वळतं ना, तसं. डॉक्टर हसले. अजून त्यांना हातपाय नीट फुटायचेत, ओढणार कशाने, म्हणाले.

प्रत्येक जणी मला आत नेऊन वेगवेगळं खायला घालते. प्रत्येक जणी कानात एक नाव सांगते.

माझं असं एकही नाही का?

१७ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, पाच राहू शकत नाहीत. राहिले तर सगळेच जातील, कदाचित मीही. दोन ठेवायचे, तीन सुईने थांबवायचे. ‘थांबवायचे’ म्हणतात ते. सुधाकर म्हणाला, मला तू हवीस, बाकी काही नको.

कुठले तीन, मी विचारलं. म्हणाले, जे सुईला सोपे असतील ते.

२४ ऑक्टोबर

झालं.

मुंबईच्या नर्सिंग होममध्ये. मी पडद्याकडे बघितलं नाही. उजवीकडे टोचलं की डावीकडे, तेही कळलं नाही. परत येताना सुधाकर माझा हात धरून होता. दोघे आहेत, दोघे आहेत, असं सारखं म्हणत होता. मी रडले नाही. कुणासाठी रडायचं तेच माहीत नाही. कुणाचा गेला? कुणाचा राहिला?

कळेल. तिघींच्या कॅनमध्ये औषध परत उतरेल, ज्यांचे गेले त्यांच्या. दोघींचे कॅन कोरे राहतील. आत्मारामला सांगितलंय, त्या वाडीत कॅन ठेवू नकोस. मला ते कळायला नको आहे.

२ नोव्हेंबर

आज यांचा मृतांचा दिवस. सगळं गाव सिमेटरीत मेणबत्त्या घेऊन. मी वाडीत जायला नको होतं, पण पाय गेले. दरवर्षी या पाच जणी बावखलाच्या काठावरही एकेक लावायच्या. यंदा काठ मोकळा होता. कशाला लावायच्या, लुईझामावशी म्हणाली, तिथे आता कोण आहे?

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार —

व्हेरोनिकामावशीने हात ठेवला. उजव्या कुशीवर. ठेवूनच राहिली. मग हात काढला, घरात गेली आणि मेणबत्ती घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. एकटीच काठावर जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. बाकीच्या चौघी माझ्याकडे यायला लागल्या, हात पुढे करून, हसत —

मी पळाले.

मला ओढ कुठेच लागली नाही. कुणाच्याच दारात.

४ नोव्हेंबर

बरी आहे. दुखत नाही. रक्त नाही. पण मळमळ गेली. एकदम गेली. सुधाकर म्हणतो, चांगलंच आहे की. तो पाळण्याचं विचारून आलाय, जुळ्यांचा वेगळा मिळतो म्हणे.

दोघे आहेत. दोघे आहेत.

५ नोव्हेंबर

डॉक्टरांचा फोन. आवाज खुशीत. आत्मारामला त्यांनी परस्पर पाठवलं होतं वाडीत. कॅन तपासले. माल परत सुरू झाला म्हणाले, आधीपेक्षा दुप्पट जोर —

किती जणींचा, मी विचारलं.

पाचही जणींचा.

त्यांना कळलंच नाही ते काय सांगतायत. अभिनंदन करत होते. पाचही —

न्हाणीत येऊन बसले आहे. पोटावर हात. काही नाही. गार.

पुन्हा ती हाक ऐकू येतेय. लांबून नाही आता. व्हेरोनिकामावशीचा आवाज — लुईझामावशीचा — त्या जावांचा — पाच मोजले. आणि एक अजून आहे. जवळचा. तो माझ्या ओळखीचा —

माझाच आहे. माझ्या आतून.

सुधाकर दारावर थाप मारतोय. लतिका, लतिका म्हणतोय. रडवेला झालाय बिचारा. ओ द्यायला हवी. पण मागच्या वेळी मी ओ दिली म्हणूनच ती पाच पोरं आली. आता दिली तर —