आतून लावायची कडी

दि. ८, रविवार सकाळ

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बबडीचे पुढचे दात पडले हे वाचून हसू आलं. तिचा बाप त्या वयात बोळक्या तोंडानं शिट्टी वाजवायला बघायचा आणि सगळ्यांच्या अंगावर थुंकी उडवायचा. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. दुकानही चालतंय. किल्ल्या हरवणारी माणसं जगात आहेत तोवर आपल्याला काळजी नाही.

तू त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. बरोबरच आहे. तरी सांगते, आवडलं नाही तर पुढचं वाचू नकोस.

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला हळूच सांगितलं, की दारू सोडू बघणाऱ्यांची एक बैठक भरते. बाजारामागची इमारत, जिना चढून वर. पाटी नसते, येणाऱ्याची अब्रू राहावी म्हणून. त्याला म्हटलं, "चल, माझा गुडघा दाखवायचाय." अर्ध्या वाटेत त्यानं ओळखलं, पण परत फिरला नाही.

पहिल्या मजल्यावर खोलीत खुर्च्या मांडलेल्या, माणसं सुतकी चेहऱ्यानं बसलेली. म्हटलं, हीच ती. एक बाई म्हणत होत्या, "सहन करायलाही काही मर्यादा असते!" मी जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात हा उठला. म्हणाला, "मी दारू पितो. बायको मुलीला घेऊन गेली. ती चुकली नाही. मला थांबायचंय, पण थांबता येत नाही."

कुणीतरी म्हणालं, "अहो, ही पाण्याच्या पंपाची मीटिंग आहे."

काय हशा पिकला म्हणून सांगू! पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं, आता हा इथून सरळ गुत्त्यावर जाणार. तर कोपऱ्यात पंपाचा हिशेब घेऊन बसलेले म्हातारे गृहस्थ उठले. "ती खोली वर, गच्चीशेजारी," ते म्हणाले. "चल, मीही तिथलाच आहे."

हसणारी तोंडं उघडीच राहिली. त्याच इमारतीत उभी हयात काढली त्यांनी, शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. जिन्यात गाठून गुपचूप सांगता आलं असतं की. पण हा एकटा हसं होऊन बाहेर पडू नये म्हणून त्या माणसानं स्वतःची झाकली मूठ सगळ्यांसमोर उघडली. मी आयुष्यात फार थोड्या माणसांना मनातून नमस्कार केला असेल, त्यातले हे पंपवाले काका.

वरच्या खोलीची एक रीत आहे. सगळ्यात नवा जो असेल, खोलीची किल्ली त्याच्याकडे. तो आला नाही तर बाकीचे जिन्यात ताटकळणार. म्हणजे त्याला यावंच लागतं. आपल्या घरी तू त्याच्यापासून किल्ल्या लपवायचीस, आतून कडी लावायचीस, आणि हा दाराच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून ती सरकवायचा. अशा माणसाच्या हातात त्यांनी आपण होऊन किल्ली दिली!

इथेच पत्र संपवणार होते. पण तुला अर्धंच सांगितलं तर तो खोटेपणा होईल.

गेल्या आठवड्यात तो प्यायला. दुपारपासूनच दुकान बंद दिसलं, मनात पाल चुकचुकली, तशी बैठकीच्या वेळी मी गच्चीशेजारी गेले. सगळे जिन्यात उभे. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी जातही नव्हतं. बऱ्याच वेळानं हा भिंत धरत वर आला. दारूचा वास लपत नव्हता. डोळे मिटून कुलूप उघडणारा माझा मुलगा, त्याला त्या दिवशी भोक सापडेना. कुणीही त्याच्या हातातून किल्ली घेतली नाही. थांबले. शेवटी त्यानंच दार उघडलं, मागच्या खुर्चीवर बसला आणि ढसाढसा रडला.

निघताना किल्ली पुढे केली, "काका, ठेवा तुमच्याकडे."

काका म्हणाले, "प्यायलास, तरी आमच्यासाठी आलास ना? राहू दे तुझ्याकडेच."

त्यानंतर तो रोज जातोय. पुढचं मी छातीठोक सांगणार नाही. तूही माझ्या शब्दावर विसंबू नकोस. तू गेलीस म्हणून तो जिना चढला, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्याएवढी हिंमत माझ्यात नव्हती, पोरी.

सोबत पुडक्यात एक कडी पाठवतेय. त्यानं स्वतः घडवली आहे. काल आपल्याच दाराला बसवली, मला आत ठेवून लावायला सांगितली आणि बाहेरून दुपारभर पट्ट्या, तारा, आकडे, असेल नसेल ते हत्यार घालून खटपट केली. मग बाहेरूनच ओरडला, "आई, मी हरलो! नाही उघडत!" एवढा आनंद मी त्याच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. लगेच काढून पुडक्यात बांधली.

तुझ्या खोलीच्या दाराला बसवून घे. बसवायला तिथलाच सुतार बोलाव, हा येणार नाही. म्हणाला, "तिला सांग, ही माझ्याच्यानंही उघडत नाही. आता तिला निवांत झोप लागेल."

उघडायची की नाही, कधी उघडायची, ते तुझ्या हातात. आम्ही दोघंही ठोठावणार नाही.

बबडीच्या बोळक्या तोंडाला माझा पापा.

तू म्हणू देशील तोवर तुझी,
आई