पार गेलेली गोळी

मी आकाराम बळवंत खराडे, वय ७८, धंदा शेती, राहणार कोल्हापूर. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोके शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली नाही, माझ्या राजीखुशीने हे स्वतःच्या हाताने लिहितो.

१. राहते घर मुलगा सम्राट याला. कागलची सव्वादोन एकर बागायत मुलगी अनुजा हिला. सम्राटने कुरकुर करू नये.

२. चुलतभाऊ उदयसिंह याने १९९८ साली नेलेली माझी दुर्बीण त्याच्याकडेच राहावी. तिच्यातून त्याला अजून माणसे दिसलेली नाहीत.

३. रायफल परवान्यासह पोलीस ठाण्यात जमा करावी.

४. हुपरीच्या चांदीच्या डबीत एक गोळी आहे. १९७१ च्या हिवाळ्यात, शिकारबंदीच्या आधी, आम्ही बिद्रीपलीकडच्या रानात भेकराला गेलो. माझ्याकडे दोन तऱ्हेची काडतुसे होती. बोथट गोळी जनावरात पसरते आणि तिथेच राहते. टोकदार गोळी वारा कापत लांब जाते, लहान जनावरातून पलीकडेही.

मित्र केरबा म्हणाला, "आक्या, टोकाची नगं. म्होरं रान उठवणारं हाकारी हाईत. आमचा ज्ञानूबी हाय की."

मी म्हणालो, "तुझी ठासणीची बंदूक नुस्ती खोकती. तू मला शिकीवणार व्हय?"

ज्ञानू त्याचा धाकटा भाऊ. भेकर निघाले, आम्हा दोघांचे बार एकदमच झाले. गोळी आरपार गेली की आमच्यात "पार!" म्हणून ओरडायचे. मी ओरडलो. पलीकडे ज्ञानूचा हाकारा अर्ध्यात तुटला.

"माझाच बार चुकला," असे केरबाने आपणहून पोलिसांना सांगितले. दोन वर्षे सजा भोगली. मी मात्र दुसऱ्याच दिवशी ज्ञानूमागच्या ऐनाच्या खोडातून गोळी कोरून काढली होती. टोकदार होती.

आमच्या घरात 'पार' हा शब्द मी कोणाला उच्चारू दिला नाही. हाकारा मात्र रोज तिन्हीसांजेला सुरू होतो, आणि तिथेच तुटतो.

५. केरबाला यात काही ठेवलेले नाही, कारण तो साक्षीदार आहे. त्याचे त्याला माझ्या हयातीतच मिळायला हवे, म्हणून सहीआधी हे वाचून दाखवीन.

कोल्हापूर, ९ जानेवारी २०२५
(सही) आकाराम बळवंत खराडे

साक्षीदार

१. केरबा रामू चौगले.
वाचून झाल्यावर त्याने विचारले, "कवापासनं ठावं हाय तुला?"
"दुसऱ्या दिवसापासनं."
त्याने गोळी तळहातावर घेतली, परत डबीत ठेवली, आणि सही न करता गेला.

२. (सही) जोतीराम मगदूम, शेजारी

३. (सही) सयाजी भोपळे, शेजारी

पहिल्या सहीची जागा कोरीच राहावी.