चौथ्यांदा वेल्डिंग

शिरूर, मंगळवार, संध्याकाळ

सायकलची फ्रेम सीटखाली पुन्हा तडकली. दुरुस्तीवाले रशीदमामा म्हणाले, "तीनदा वेल्डिंग झालंय, सर. आता नवीच घ्या. हायवेला ट्रकपुढं मोडली म्हंजी?"

दुकानात बसलेले आप्पा म्हणाले, "नवी कशी घेतील? जुनं टाकणार न्हाई, अशी माईकवर शपथ घेतली हाय. आमी टाळ्या वाजवल्यात."

दोघं हसले. मीही हसलो, पण बोट त्या तड्यावरच होतं. त्याच भाषणात, लोक काय म्हणतील म्हणून जुन्या वस्तू टाकणाऱ्यांना मी भित्रे म्हटलं होतं. ते चूक होतं? नाही. पण मग आज भ्यालंय कोण?

"मारा वेल्डिंग," म्हणालो.

उद्या शिक्रापूरला त्याच विषयावर भाषण आहे. मी कशावर बसून येतो, हे पाहायला लोक आधीच हायवेला येऊन थांबतात. वेल्डिंगवर रंग मारून तडा झाकला आहे. मला तो दिसतोच आहे.