अकरा कामांचं एक काम

कांजूरमार्ग (पूर्व)
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय दीप्ती,

सप्रेम जय भीम. तू बरी असशील. रत्नागिरीची हवा मानवली असेल असं धरून चालते.

तुझा माहिती अधिकाराचा अर्ज आज माझ्या टेबलावर आला. तांत्रिक विभागाची जनमाहिती अधिकारी सध्या मीच आहे. हे तुला ठाऊक होतं की नाही, कल्पना नाही. अर्जावर तू ‘मा. जनमाहिती अधिकारी’ एवढंच लिहिलंयस. अक्षर मात्र मी पाकिटावरूनच ओळखलं.

अर्जाचं उत्तर तीस दिवसांच्या आत सरकारी पाकिटातून येईल. हे पत्र वेगळं आहे. कागद माझा, तिकीट माझं.

इकडचं ठीक आहे. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं. आता ते सकाळी सगळा पेपर मोठ्याने वाचतात, आम्हाला ऐकायचा असो वा नसो. मिथुनची बदली नाशिकला झाली. त्याची बायको आणि मुलगी इथेच आहेत, त्यामुळे घर भरलेलं असतं. वारा फिरला की डम्पिंगचा वास येतो आणि आई खिडक्या लावत घरभर फिरते. तुला आठवत असेल, तू यायचीस तेव्हाही हेच चाललेलं असायचं.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. २०२१-२२ साठी प्राधिकरणाने संशोधन आणि अभियांत्रिकी सेवांच्या खरेदीचा जो वार्षिक आराखडा केला, त्याची प्रत. त्यात अकरा वेगवेगळे अभ्यास एकत्र करून एकच निविदा काढायचं कोणी सुचवलं, त्याच्या टिपण्या. आणि खाडीतल्या जेट्टीच्या जागेबद्दल तू दिलेल्या ४ मार्च २०२१ च्या पत्रावर काय कार्यवाही झाली.

पहिल्याची प्रत लगेच मिळेल. बाकी दोन्हींसाठी जुनी फाईल शोधावी लागेल.

तुझ्या आईच्या, सरूमावशींच्या अपघाताचं गेल्या मे महिन्यात कानावर आलं होतं. वाईट वाटलं. आता त्या तुझ्याजवळ असतात हे बरं झालं. त्यांना नमस्कार सांग.

तुझी,
दर्शना


कांजूरमार्ग (पूर्व)
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीप्ती,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती.

फाईल सापडली. खरं सांगायचं तर ती हरवली नव्हती, माझ्याच कपाटात होती. गेल्या पत्रात ‘शोधावी लागेल’ असं लिहिलं, ते नोकरीच्या सवयीने.

सध्या आमच्याकडे पुढच्या वर्षाच्या आराखड्याची धावपळ आहे. तू बाहेरून निविदा भरायचीस, आतलं कधी पाहिलं नाहीस. म्हणून सांगते. जानेवारीत प्रत्येक शाखा आपली मागणी पाठवते. कुणाला टेकडीचा उतार तपासून हवा असतो, कुणाला जुन्या पादचारी पुलाची ताकद, कुणाला खाडीतला गाळ. मग आम्ही बसतो. कुठलं काम आपले अभियंते करतील, कुठलं एखाद्या कॉलेजला विचारायचं, कुठल्याची निविदा काढायची, त्यासाठी किती महिने द्यायचे, आणि निविदा भरणाऱ्याकडे काय काय असायला हवं. सिमेंट विकत घेतलं तर गोणी मोजता येते. इथे आम्ही कुणाचं तरी डोकं आणि त्याचे काही महिने विकत घेतो. माल चुकीचा आला की नाही, ते वरती काहीतरी बांधून झाल्यावर कळतं.

माझ्या हाताखाली अपूर्वा म्हणून नवी कनिष्ठ अभियंता आहे. हुशार आहे, आणि तिला प्रश्न पडतात. तुझा अर्ज तिनेच नोंदवला. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, “मॅडम, ही जेट्टी एकदा बघून येऊया का? गाळमोजणीची मागणी यंदा परत आली आहे. न बघता आराखड्यात कसं घालायचं?” नाही म्हणायला कारण नव्हतं.

आम्ही मंगळवारी गेलो. ओहोटी होती.

जेट्टी चांगली बांधली आहे. काँक्रीटला तडा नाही, कठडा सरळ आहे, दिवे लागतात. फक्त तिच्या तिन्ही बाजूंना चिखल आहे. पाणी चाळीस-पन्नास पावलांवर, आणि होड्या तिथे. बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चिखलातून चालत जेट्टीपर्यंत येतात. कुणीतरी फळ्या टाकल्या आहेत. एका ठिकाणी फळी नाही. अपूर्वाने तिथे मोजपट्टी खुपसली तर पाऊण मीटर आत गेली. तिने आकडा लिहून घेतला. मी पाहत राहिले.

तुझ्या दादूकाकांनी मला आधी ओळखलं. जाळं विणत बसले होते. “दर्शू ना गं तू? साहेबीण झालीस, पण चालतेस तशीच.” मग बसायला रिकामा ड्रम दिला, कुणाला तरी चहा आणायला पाठवलं. वाळले आहेत, पण हात तसेच चालतात. तू दर रविवारी फोन करतेस म्हणाले.

फळी नाही ती जागा त्यांनीच दाखवली. “इथेच आत गेली सरू. कमरेपर्यंत. पाटी सोडली असती तर कदाचित वाचला असता पाय, पण सोडायची नाही ना ती. चार जणांनी ओढून काढली, तेव्हा खुबा मोडला.” मग म्हणाले, “आता काठी घेऊन पडवीपर्यंत चालते, दीप्ती सांगते. बाजार सुटला तो सुटलाच.”

मुलुंडच्या बाजारातली मावशींची जागा आता दुसरी बाई चालवते, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, “काका, जेट्टी इथे का, असं तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत?”

“विचारलं तर. तुमची माणसं आली होती मशीन घेऊन, दिवाळीच्या आसपास. मी म्हटलं, बाबांनो, आता पावसाने सगळं धुऊन नेलंय. शिमग्यानंतर या आणि बघा, गाळ कसा बसतो ते. म्हणाले, आमचं काम डिसेंबरला संपतं.” हसले. “दीप्ती वर्षभर मोजायची. माझ्याच होडीतून, पंधरा दिवसांनी एकदा. सहा वर्षं मोजलं पोरीने.”

अपूर्वा सगळं लिहून घेत होती.

निघताना त्यांनी माझा हात धरला. “तू जीवाला लावून घेऊ नको हां. वरच्यांनी ठरवलं, त्याला तू काय करणार? दीप्तीला पण मी हेच सांगतो. दर्शूच्या हातात असतं तर तिने होऊ दिलं नसतं.”

गाडीत अपूर्वाने विचारलं, “मॅडम, तुमची जुनी ओळख आहे?” मी म्हटलं, “कॉलेजमध्ये असताना परीक्षेच्या आधी मी यांच्या घरी राहायचे. आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती.”

उत्तराची मुदत दहा मार्चला संपते. त्याआधी पाठवेन.

दर्शना


कांजूरमार्ग (पूर्व)
९ मार्च २०२५, रविवार

दीप्ती,

यासोबत दुसरं, सरकारी पाकीट उद्याच्या स्पीड पोस्टने निघेल. त्यात त्रेपन्न पानं आहेत. तू आधी ते उघडलं असशील तर हे पत्र वाचायची फारशी गरज नाही. तरी क्रमाने लिहिते.

अकरा अभ्यास एकत्र करायची कल्पना माझी होती.

टिपणी पान सोळावर आहे. खाली सही माझी. तिथे लिहिलेली कारणं खोटी नाहीत. शाखेत दोन लिपिक होते आणि अकरा निविदा काढायच्या होत्या. आदल्या वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप आला होता की मोठी निविदा टाळायला आम्ही कामाचे तुकडे पाडतो. एकत्र केलं की एक निविदा, एक करार, एकच माणूस उत्तर द्यायला. साहेबांना पटलं. पण अकरा कामं एक झाली की निविदा भरणाऱ्याची उलाढालही अकरा कामांना पेलणारी लागते, आणि चार माणसांची तुझी कांदिवलीची प्रयोगशाळा त्यात बसत नाही. हे टिपणी लिहितानाच मला माहीत होतं. कामांना मुदतही एकच लागली. पुलाला तीन महिने पुरतात म्हणून खाडीलाही तीनच दिले. तेही मीच लिहिलं.

टिपणीत नसलेलं कारण आता सांगते. २०२० च्या डिसेंबरमध्ये एक निनावी पत्र आलं होतं. ‘कार्यकारी अभियंता खंडारे मॅडम आपल्या मैत्रिणीला दर वर्षी काम देतात.’ तेव्हा तुझं काम रीतसर निविदेने, सगळ्यांच्या देखत झालेलं होतं. त्या पत्राची चौकशीही झाली नाही. पण जूनमध्ये माझ्या बढतीची बैठक होती. आमच्या विभागात माझ्याआधी आपल्या समाजाचा एकच माणूस त्या खुर्चीच्या जवळ गेला होता, आणि त्याला असल्याच एका पत्राने दहा वर्षं मागे बसवलं होतं. मी घाबरले.

खरं तर सोपी वाट होती. ‘निविदा भरणारी व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, या कामापुरतं मला बाजूला ठेवा’ असं एका कागदावर लिहून द्यायचं. त्याचा छापील नमुनाही आहे. मी तो कपाटातून काढला होता. मग वाटलं, लिहून दिलं तर ते निनावी पत्र खरं मानल्यासारखं होईल. त्यापेक्षा तू निविदेतच नसलीस तर प्रश्नच मिटला. म्हणून मी तुला घालवलं. कुणाला कळणार नाही अशा पद्धतीने.

मग तुझा फोन आला. मला तो शब्दन् शब्द आठवतो.

“दर्शू, हे कोणी केलं गं?”

“वरून आलंय.”

“वरून म्हणजे कोण?”

“अगं, वरून म्हणजे वरून. माझ्या हातात काय आहे?”

“बरं. मग मी नुसतं पत्र देते. काम कुणालाही द्या, पण खाडीच्या उत्तरेला जेट्टी नको, तिथे गाळ बसतो. माझे आकडे तरी वापरा, फुकट देते. तेवढं वर पोचव.”

“पोचवते,” मी म्हटलं.

ते पत्र चार मार्चला आलं. सहा पानं, मागे भरती-ओहोटीचे तक्ते, सहा वर्षांचे. मी ते वाचलं, आणि बरोबर आहे हे मला वाचतानाच कळलं. तुझं पत्र वर गेलं असतं तर ‘ही बाई कोण’ असं कुणीतरी विचारलं असतं. मी कोपऱ्यात ‘नोंद घेतली, फाईलला लावावे’ लिहिलं आणि आद्याक्षरं केली. पान एकतीस. ज्यांनी जेट्टीची जागा ठरवली, त्यांच्यापैकी कुणीही ते पत्र पाहिलेलं नाही. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

त्यानंतर तू चार-पाचदा फोन केलास. मी उचलले नाहीत. प्रयोगशाळा बंद केल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. जूनमध्ये बढती झाली.

मावशींचा फोटो मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, चिखलातून काढतानाचा. तो पाहिल्यावर मी ऑफिसात दिवसभर नेहमीसारखं काम केलं. हे मी गुण म्हणून सांगत नाही.

उत्तर तयार करताना नितेश, आमचा लिपिक, म्हणाला, “मॅडम, नावं आणि सह्या काळ्या करून देतो. सगळे तसंच करतात.” मी नको म्हटलं. त्याने मान वर करून पाहिलं, आणि मग पानं मोजायला लागला.

शुक्रवारी मी साहेबांकडे लेखी निवेदन घेऊन गेले. वर लिहिलं तेच सगळं, सरकारी भाषेत. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

“हे कशाला?” ते म्हणाले. “तो धोरणात्मक निर्णय होता. मीही सही केली आहे.”

“तुम्हाला ते पत्र दाखवलं नव्हतं सर.”

“मग आता दाखवून काय होणार? जेट्टी उचलून हलवणार आहात? यंदाच्या आराखड्यात गाळमोजणी वेगळी घाला, वर्षभराची घाला. विषय संपला.” आणि निवेदन त्यांनी मला परत दिलं. आवक शिक्काही मारू दिला नाही.

गाळमोजणी वेगळी घातली आहे. बारा महिन्यांची, उलाढालीच्या अटीशिवाय, स्थानिक मोजणीचा अनुभव धरून. अटी अपूर्वाने लिहिल्या, आणि त्या कामापुरतं मला बाजूला ठेवावं असा कागद मी या वेळी दिला. तो मात्र त्यांनी घेतला. तू निविदा भरशील की नाही, हा तुझा प्रश्न. मी ते सुचवत नाहीये.

पण साहेब म्हणतात तसा विषय संपत नाही. काल अपूर्वाला घेऊन परत गेले होते. दादूकाकांना मी सगळं सांगितलं, जेट्टीवर उभं राहून. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “दीप्तीला सांगितलंस?” मी म्हटलं, उद्या लिहिणार आहे. “आधी तिला सांगायचं होतंस,” म्हणाले, आणि होडीकडे निघून गेले. या वेळी चहा आला नाही.

आतून चौकशी होणार नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते. माझं निवेदन कुणी घेत नाही, आणि अपूर्वाला यात ओढायचं नाही. बाहेरून, कागद जोडून, दक्षता विभागाकडे तक्रार गेली तर त्यांना ती नोंदवावी लागते. कागद तुझ्याकडे आहेत. पान सोळा आणि पान एकतीस पुरतील. माझ्या निवेदनाची प्रत सगळ्यात शेवटी आहे. ती तू मागितली नव्हतीस, पण लावली आहे.

माफी मागायची तर ती मावशींसमोर येऊन मागायला हवी. तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर तेही बरोबरच आहे.

तक्रारीत ‘संबंधित अधिकारी’ असं लिहू नकोस. तसं लिहिलं की कुणीच सापडत नाही. नाव लिही. त्यात चूक राहू नये म्हणून खाली पूर्ण देते.

दर्शना सहदेव खंडारे
तेव्हा कार्यकारी अभियंता, आता अधीक्षक अभियंता