दादाचा स्वच्छ आवाज

१२ नोव्हेंबर

घूंऽऽऽ! दिवसभर घसा फोडून दादाने वाचलं, आणि परत लावून ऐकते तर काय — घूंऽऽ! दादा बोलतोय आणि पाठीमागे कुणीतरी पिठाची गिरणी सुरू करून ठेवलीय. सगळं पुसलं.

दादाचं स्वरयंत्र काढायचंय. ऑपरेशन २ डिसेंबरला. घशाचे डॉक्टर सरळच म्हणाले, "काढलं तर माणूस वाचतो. ठेवलं तर आवाजही जातो आणि माणूसही." उभा जन्म तलावाच्या काठावर उभं राहून पोरांना पोहायला शिकवलं त्याने. आवाज मोठा करायला कर्णा कधी हातात धरला नाही. आणि आता हे.

हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करतात त्या बाई — दादा त्यांना 'आवाजबाई' म्हणतो — त्यांनी वाक्यांचा गठ्ठा दिलाय. ही सगळी दादाच्या आवाजात रेकॉर्ड करायची. कंप्यूटर त्यावरून त्याचा आवाज शिकणार. मग दादा टाइप करेल आणि यंत्र त्याच्यासारखं बोलेल. "फक्त रेकॉर्डिंग स्वच्छ हवं हं. खरखर असली तर यंत्र खरखरही शिकतं."

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! छापायच्या पुस्तकांची पानं लावण्यात माझा अख्खा दिवस याच कंप्यूटरसमोर जातो. पण पानं बोलत नाहीत, हे कुठे लक्षात आलं होतं!

१४ नोव्हेंबर

पंखा बंद. फ्रिज बंद. खिडक्या बंद. दोघं घामाघूम. घरघर थोडी कमी झाली, पण घूं तसंच.

१५ नोव्हेंबर

माइकची वायर विजेच्या वायरीला चिकटून टेबलामागे पडली होती. जुळ्या बहिणींसारख्या! वेगळ्या केल्या. घूं निम्मं झालं. मला एवढा आनंद झाला की मी टाळीच वाजवली — ती टाळीही रेकॉर्ड झाली.

फ्रिज सुरू करायला विसरले. दूध नासलं. दादा म्हणाला, "ठमे, माझ्या आवाजापायी उपाशी मारशील."

१८ नोव्हेंबर

सापडला चोर! लॅपटॉपचा चार्जर. पिन काढली की घूं एकदम गायब. पुन्हा लावली — आलं. पुन्हा काढली — गेलं. चार-पाचदा केलं नुसतं, गंमत म्हणून. बॅटरी म्हातारी झालीय, फार टिकत नाही. म्हणून थोडं वाचायचं, मग चार्ज होईपर्यंत थांबायचं. दादालाही तेवढी विश्रांती लागतेच.

रेकॉर्डिंगची पातळीही मी उगाच चढवून ठेवली होती. त्यामुळे मागे बारीक 'सूं' येत होतं. ती उतरवली, माइक तोंडाजवळ आणला. आता 'प' म्हटलं की फटाका! माझा धुतलेला मोजा माइकवर चढवला. दादा म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या पायांना ओरडलो, आता मोज्याशी बोलतो."

वाक्यं तरी कसली! 'झाडाखाली झोपलेल्या ठेंगण्या माणसाला छत्री द्या.' सगळे उच्चार यावेत म्हणून म्हणे. दादा मध्येच आपलं घुसडतो : "पाय मार! पाय! हाताचं नंतर बघू!" तेही ठेवलंय मी.

२० नोव्हेंबर

आवाजबाईंकडे गेलो. त्यांनी एका पेशंटचा यंत्रातला आवाज ऐकवला. "मला पाणी हवं आहे. मी आनंदात आहे." दादाने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "हसतो का हा?"

बाई म्हणाल्या, "हसणं अजून जमत नाही तितकं."

रिक्षात त्याने एकदा उगाच हसून पाहिलं.

२२ नोव्हेंबर

अजून एक आवाज आहे. अगदी बारीक. शिट्टीसारखा. दोन वाक्यांच्या मधे येतो. चार्जर नाही, पंखा नाही. लॅपटॉपवर उशी टाकून पाहिली. माइक दुसऱ्या खोलीत नेला. शेजारच्या काकूंना जाऊन विचारून आले, तुमच्याकडे काही चालू आहे का? त्या बिचाऱ्यांनी टीव्ही बंद केला. तरी आहेच!

मी टेबलाखाली शिरून वायरी चाचपत होते. दादा वरून म्हणाला, "ठमे, वर ये."

"थांब रे. सापडेल."

"अगं, तो मी आहे."

त्याने श्वास घेतला. शिट्टी. सोडला. शिट्टी.

टेबलाखालून मला लवकर बाहेर येता येईना.

२३ नोव्हेंबर

आज रेकॉर्डिंग नाही.

२५ नोव्हेंबर

खरखर पुसायची एक सोय असते. नुसत्या शांततेचा तुकडा दाखवायचा, मग यंत्र तेवढाच आवाज सगळीकडून वजा करतं. दादाचा श्वास दाखवला. शिट्टी गेली — पण दादा विहिरीच्या तळातून बोलायला लागला. घाईघाईने पहिल्यासारखं केलं.

मग हातानेच करायला बसले. वाक्यांमधला प्रत्येक श्वास शोधायचा आणि कापायचा. पानं लावताना मोकळी जागा सोडते तसंच. फक्त इथे मोकळ्या जागी माझा भाऊ होता.

आई-बाबा गेल्यावर याच आवाजाने मला शाळेसाठी उठवलं. लग्न मोडून परत आले तेव्हा हाच आवाज दारातून म्हणाला होता, "चप्पल काढ, चहा टाकलाय." बस, तेवढंच. पुढे एक प्रश्न नाही.

२९ नोव्हेंबर

झालं! सगळी वाक्यं झाली. आवाजबाईंना पाठवली. लगेच फोन आला, "इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग घरी कुणी केलेलं मी पाहिलं नाही."

दादाने हेडफोन मागितला. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा लावलं.

"असा बोलतो मी?"

"असाच."

"मला कधी असा ऐकूच आला नव्हता गं. बरा आहे की!"

मी फुगून गेले. ढ मुलीला पहिला नंबर मिळावा तशी.

१ डिसेंबर

पिशवी भरून ठेवली. टॉवेल, रिपोर्ट, चपला. दादा कॉटवर येऊन बसला. म्हणाला, "मी जाणार नाही."

"अरे, उद्या जायचंय."

"उद्याही नाही आणि नंतरही नाही. जितके दिवस आहेत तितके बोलेन."

मी पाया पडले. शिव्या दिल्या. पिशवी त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती उचलून बाजूला ठेवली. मग डॉक्टरांना फोन त्यानेच केला. "ऑपरेशन नको," म्हणाला, शिट्टीसकट.