ओढ्यापलीकडची पांढरी

२ नोव्हेंबर

आज आले. ताडकळसला बसमधून उतरले तेव्हा शिवरुद्रआप्पा टेम्पो घेऊन उभे होते. कापडाच्या गुंडाळ्या, फळ्या, रंगांच्या पेट्या पाहून त्यांनी विचारलं, लग्नाचा मांडव घालायचा हाय का बाई. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लिहून ठेवते.

गोदाम त्यांचं आहे, ताडकळसजवळच्या त्यांच्या गावात. पूर्वी इथं कापूस साठवत. आप्पांनी आडत ताडकळसला नेली, तेव्हापासून रिकामं. पत्र्याचं छत उंच, उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या. संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये असा उजेड मला कधी मिळाला नाही. दिवसभर सारखा, थंड. कोपऱ्यात पलंग, गॅस, बाहेर नळ. आणखी काही लागत नाही.

शेजारीच आप्पांचं घर. त्यांची आई नीलम्माबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. चित्रं काढून पोट भरतंय का, त्यांनी विचारलं. नाही, कॉलेजात शिकवते, सध्या रजेवर आहे, असं सांगितलं. मग नवरा? तो तिकडे, मी इकडे. त्यांनी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, भाकर गरम हाय तंवर खा, नवऱ्याचं मागून बघू.

खिडकीतून कापसाची वेचणी दिसते. बायका वाकून पुढे सरकतात आणि मागे रान काळं होत जातं. मला इथं बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

काम ठरलं. इथल्याच मातीने रंगवायचं. काळ्या रानातली ढेकळं आणली, फोडली, भिजवली, मांजरपाटातून गाळली. पाणी निवळू द्यायचं, वरचं ओतून तळचा गाळ वाळवायचा, बाभळीच्या डिंकात घोटायचा. ओला असताना काळा, वाळला की राखाडी. सुंदर रंग आहे, पण त्यातून माणूस निघत नाही. कातडीसाठी फिकट माती हवी.

आणि मला माणूसच काढायचा आहे. एकच.

माझी लेक सावनी जाऊन दोन वर्षं झाली. अकरा वर्षांची होती. डेंग्यूच्या तापात गेली. तेव्हापासून तिचं चित्र काढायला हात धजलेला नाही. फोनमध्ये पुष्कळ फोटो आहेत. पण फोटो पाहून काढलं की फोटोचंच चित्र होतं. मला तिची डावी भुवई हवी आहे, झोपाळ्यावरून पडल्यावर मधेच तुटलेली. पुढच्या दातावर चढलेला दुसरा दात. हसू आलं की ती एक हात मानेवर ठेवायची, का कोण जाणे.

तिच्या बाबाला, सिद्धोधनला, आणि मला एकाच वेळी तीच गोष्ट आठवायची, आणि दोघंही ताटावरून उठायचो. म्हणून वेगळे राहतो. भांडण नाही. रविवारी त्याचा फोन येतो.

९ नोव्हेंबर

फिकट माती मिळाली. नीलम्माबाई म्हणाल्या, पांढरी लागती का, मग जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची आणा, आमी घराच्या धाब्यावर, छताला, तीच घालायचो. टेकाड ओढ्याच्या अलीकडे आहे. तिथली माती भरड निघाली, खापऱ्यांनी भरलेली. ओढा ओलांडला तर पलीकडे, बेलाच्या झाडाखाली, पिठासारखी मऊ जमीन. कधी नांगर लागलेला दिसला नाही. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. कचकच अजिबात नाही. किंचित खारट.

पिशवी भरून आणली. घोटल्यावर सावलीत बसलेल्या माणसाच्या कातडीचा रंग आला.

१४ नोव्हेंबर

नीलम्माबाईंनी शंभुराजचं चित्र मागितलं. त्यांचा धाकटा मुलगा. पूर्णा रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. फोन त्याच्याबरोबरच फुटला. घरात फोटो एकच उरला, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात तोंड नखाएवढं.

त्या रोज दुपारी पोतं टाकून शेजारी बसतात आणि सांगतात. नाक माझ्यावर न्हाई, त्याच्या बापावर. कान जरा मोठे करा, शाळेत पोरं सशा म्हणायची. मी कान वाढवले तर म्हणाल्या, एवढे बी न्हाई बाई, पोरगं होतं, ससा न्हवतं खरोखरीचं. दोघी हसलो. हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या रोज सकाळी त्याच्या नावाचं ताट वाढतात. आप्पा रागावतात, लिंगैक्य झालेल्या माणसाला ताट कशाचं, म्हणतात. समजतंय मला, त्या म्हणाल्या, पर हात ऐकत न्हाई.

 मी अजून सावनीची शाळेची बाटली धुऊन ठेवते.

२० नोव्हेंबर

चित्र झालं. नीलम्माबाई समोर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. रडल्या नाहीत. हाच, म्हणाल्या, हाच बसलाय.

मी त्याला उभा काढला होता. वयाची नजर, म्हणून सोडून दिलं.

आप्पा पाहायला आले नाहीत. मला त्याचं तोंड बघवायचं न्हाई, असं त्यांनी आईजवळ सांगून ठेवलं.

२३ नोव्हेंबर

सावनी सुरू केली. दारात उभी, हात मानेवर. पहिल्यांदा भुवई काढली. चुकली नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात थांबला नाही, आणि रडूही आलं नाही. पेला उचलावा तसं काहीतरी कुणीतरी माझ्या हातून अलगद काढून घेत होतं.

शांत झोप लागली. गोळीशिवाय.

२६ नोव्हेंबर

डोळे, कपाळ, केस, हात झाले. तोंड राहिलं आहे.

नीलम्माबाई सकाळी आल्या त्या काहीतरी गुणगुणत. चेहऱ्यावर तकाकी. शंभुराजचं चित्र कुठं लावलं, मी विचारलं. त्यांनी विचारलं, कोण शंभुराज.

मला थट्टा वाटली. त्या कधी थट्टा करतील ते सांगता येत नाही. मग म्हणाल्या, ते मोठ्या कानाचं पोरगं व्हय? भितीवर हाय की. चांगलं काढलंय बाई. कुणाचं हाय?

संध्याकाळी आप्पा आले. चार-पाच दिवस ताट बंद आहे, ते म्हणाले. आई सावरली म्हणून बरं वाटलं होतं. आज त्यांनी आईजवळ शंभूचं नाव काढलं, तर ती म्हणाली, तुला भाऊ कवा होता रे.

सांगताना ते उंबऱ्यावरच बसले. मोठा देह आहे त्यांचा. सगळं दार भरलं.

२७ नोव्हेंबर

आप्पांनी एकच विचारलं. माती कुठली.

मी त्यांना नेलं. ओढा ओलांडताना त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, पलीकडे गेल्यावरही घातल्या नाहीत, आणि मला कळलं.

त्यांच्या घराण्याची ती पुरण्याची जागा आहे. वर दगड ठेवायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून मला दिसली नाही. ते म्हणाले, आमी माणसाला जाळत न्हाई, निजवत बी न्हाई. बसवताव. मांडी घालून. भोवती मीठ, विभूती, बेल. इथून परत जाताना ओढ्यात पाय धुताव, नखातली माती बी घरी जाऊ देत न्हाई. गेलेल्याचं सगळं या मातीला दिलेलं असतं, रूप बी. ती दिलेलं ठेवून घेती. तिच्यात त्याचं तोंड काढलंत, तर बघणाऱ्याच्या मनात राहिलेलं बी ती मागून घेती.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तोंड फिरवून चित्र भिंतीवरून काढलं आणि ओढ्यावर नेऊन धुतलं. पाणी बेलाखाली ओतलं. नीलम्माबाईंना काही परत मिळालं नाही. चांगलं कापड कशाला भिजवलंस, एवढंच म्हणाल्या.

मीठ. मी ते जिभेवर ठेवलं होतं.

२८ नोव्हेंबर

स्वतःला तपासलं.

भुवई: फोन उघडून पाहिल्याशिवाय कोणती ते सांगता आलं नाही. डोळे: फोटोत आहेत, डोळे मिटले की नाहीत. केसांना तेल लावताना ती कुरकुरायची एवढं ठाऊक आहे, पण ते केस बोटांना आठवत नाहीत. मानेवरचा हात: मी इथं लिहिलं आहे, म्हणून माहीत.

उरलं आहे ते तोंड. दात. हसणं. आवाज. अजून काढलेलं नाही ते सगळं माझ्याजवळ आहे.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ते पुरं करायचं नाही. पाहायचंही नाही.

३० नोव्हेंबर

सिद्धोधनचा फोन. चित्र झालं का, फोटो पाठव, म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा मागितला. मग म्हणाला, ती तुझ्या एकटीची नव्हती.

मी सगळं सांगितलं. माझी झोप कशी आहे, गोळ्या घेते का, असं विचारू लागला. मी येतो, म्हणाला. नको येऊस, मी म्हटलं, पुन्हा पुन्हा. माझ्याकडून ती जाते आहे. ती आता त्याच्याकडेच पूर्ण आहे. त्याने ते चित्र पाहता कामा नये.

त्याला वाटतं, मी तिला लपवते आहे.

१ डिसेंबर

फाडून टाकायचं ठरवलं. कात्री घेतली. मग शंभुराज आठवला. धुतला, तरी आईकडे परतला नाही, आणि कापडावरही राहिला नाही. सावनीचे डोळे आता माझ्यात नाहीत, या कापडावर आहेत. ते मी कसे कापू.

आणि मग — एकदाच — फिरवून पाहिलं.

मी तिला दारात उभी काढली होती. ती बसली आहे. मांडी घालून. हात मानेवर नाही, मांडीवर. आणि तोंड, जे मी काढलं नव्हतं, ते आहे. मिटलेलं.

३ डिसेंबर

पुन्हा पाहिलं. न पाहता राहवत नाही. आईने कसं राहावं. पाहिलं की थोडी जाते, नाही पाहिलं तर ती तिथं एकटी बसलेली असते —

तिचं हसणं आठवून पाहिलं. हसणं आहे. कुणाचं ते नाही.

५ डिसेंबर

उन्हात बसून नीलम्माबाईंबरोबर शेंगा सोलल्या. तुमी आता बऱ्या दिसायलाव बाई, त्या म्हणाल्या. आलाव तवा तुमचं तोंड लय उतरलेलं होतं. त्या बऱ्या आहेत, मीही बरी आहे. आप्पा तेवढे खंगले. भावाबद्दल बोलायला त्यांना घरात कुणी उरलं नाही. दुपारी एकटेच ओढ्याकडे जातात.

लेकरं किती, नीलम्माबाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

म्हटलं आणि हातातली शेंग तशीच — काहीतरी चुकीचं बोलले. काय ते —

६ डिसेंबर

सावनी. सावनी. कोळशाने भिंतीवरही लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. गोड नाव आहे. ते वाचलं की मी उठून एक लहान बाटली धुते. कशासाठी —

सिद्धोधनचा फोन. उद्या येतो, म्हणाला. ये, म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलं. मी नको म्हणत होते म्हणे.

७ डिसेंबर

सिद्धोधन आला. परभणीपर्यंत रेल्वे, पुढे जीपने. वाळला आहे. पिशवीतून त्याने पिवळा स्वेटर काढला, लहान मुलीचा, कपाटात मागे सापडला म्हणाला. नाकाला लावला आणि पायरीवर बसून रडू लागला.

मी त्याचा हात धरला. तो एका मुलीबद्दल सांगत राहिला. स्वेटर टोचतो म्हणून ती बाह्या ओढून तोंडात धरायची. एका दातावर दुसरा दात होता. हसताना हात मानेवर ठेवायची, कारण लहानपणी त्यानेच तिला तिथं गुदगुल्या केल्या होत्या. मला हे कधी माहीत नव्हतं. तो इतकं नीट सांगत होता की ती मुलगी मला पाहावीशी वाटली. आत एक चित्र आहे, मी म्हटलं. भिंतीला टेकवलेलं.

तो आत गेला आहे. मी पायरीवर बसून लिहिते आहे. आप्पा ओढ्याकडून येत आहेत, हात वर करून, धावत. काहीतरी ओरडत आहेत. वारा उलटा आहे.

कापड फिरवल्याचा आवाज झाला.

त्याला काहीतरी सांगायचं होतं. आधी. तो आत जाण्याआधी सांगायचं होतं, की त्याने —

रडणं थांबलं.

बाहेर आला. चेहरा किती मोकळा झाला आहे. हातातला स्वेटर उलटसुलट करून पाहतो आहे. मला विचारतो आहे, हा कुणाचा.